बिलावर नुसतं ‘स्टोन’ लिहून चालणार नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत खरा हिरा घरच्या घरी कसा ओळखायचा अशा टिपा आल्या होत्या, वाफ मारून पाहा, पाण्यात टाकून पाहा, काचेवर ओढून पाहा वगैरे, त्या वाचल्या अन् राहवलं नाही म्हणून लिहायला बसली. साहेब, या सगळ्या टिपा मी करून पाहिल्या आहेत. एकदोन नाही, सगळ्या. माझे कानातले टॉप्स त्या सगळ्यांत पास झाले, आणि ते हिऱ्याचे नव्हते.

२०१९ च्या डिसेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ह्यांनी हौसेनं मला हिऱ्याचे टॉप्स घेऊन दिले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मला त्या एका दुकानाशी भांडायचं नाहीये, मला पद्धतीबद्दल बोलायचं आहे. ७४ हजार रुपये दिले, म्हणजे ह्यांच्या रिटायरमेंटच्या आधीच्या दोन पगारांएवढे. काउंटरवरचा मुलगा मखमलीच्या ट्रेवर जोड ठेवून वरून लाइट पाडून दाखवत होता, "ताई डायमंडची चमकच वेगळी राहते, पाहा ना जी", आणि खरंच काय चमकत होते ते, लाल निळे हिरवे असे फटाके फुटल्यासारखे. मी विचारलं खरे आहेत ना, तर म्हणाला ताई हॉलमार्क आहे, बिनधास्त घ्या. आम्ही घेतले. हॉलमार्क होताच, टॉप्सच्या मागे १८ कॅरेटचा शिक्का होता, तो खोटा नव्हता. पण तो शिक्का सोन्याचा आहे, खड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, आणि मला वाटते की आजही दुकानात उभ्या असलेल्या दहातल्या आठ बायकांना माहीत नसेल.

घरी आल्यावर नणंद म्हणाली वहिनी तपासून तर पाहा, व्हॉट्सअ‍ॅपवर टिपा आल्या आहेत. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. तोंडाची वाफ मारली, आरशावर जशी मारतो तशी, तर बाजूच्या बांगडीच्या काचेवर वाफ राहिली आणि टॉप्सवरची एका सेकंदात गेली, टिपेत लिहिलं होतं तसंच. ग्लासभर पाण्यात टाकले, खडखडीत बुडाले. जुन्या फोटोफ्रेमची काच होती, तिच्यावर एक कोपरा ओढला, कर्रकन रेघ पडली. ह्यांच्या पतसंस्थेत नोटा तपासायचं निळ्या लाइटचं मशीन होतं, दुसऱ्या दिवशी त्याखालीही धरले, काही चमकले नाहीत, आणि व्हिडिओत कोणीतरी सांगितलं होतं की खरा हिरा असाच शांत राहतो, दुसऱ्या व्हिडिओत सांगितलं होतं की खरा हिरा निळा दिसतो, आम्ही आपल्या सोयीचा व्हिडिओ खरा धरला. झालं समाधान.

सहा वर्षं घातले ते टॉप्स. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, पोरीच्या कॉन्व्होकेशनला. यंदा पोरीचं लग्न ठरलं, म्हटलं हे टॉप्स देऊन तिच्या पसंतीची अंगठी घेऊ, म्हणून नागपूरच्या इतवारीत सराफ्यात गेली. पहिल्या दुकानात त्यांनी पेनासारखं मशीन काढलं, त्याचं टोक खड्याला टेकवलं, टीं टीं वाजलं, हिरवे दिवे शेवटपर्यंत लागले. मी खुश. पण दुकानातले मालक वयस्कर होते, त्यांनी दुसरं एक मशीन मागवलं, ते टेकवलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बसा. हा हिरा नाही जी, हे मोइसनाइट आहे."

मला तो शब्दच पहिल्यांदा ऐकायला मिळाला. अमेरिकन डायमंड माहीत होता, तो तर आपल्या इकडे प्रत्येक बाईच्या डब्यात असते. हे मोइसनाइट काय?

तर त्या मालकांनी मला आतल्या खोलीत जडाईचं काम करणाऱ्या काकांकडे नेलं. त्या काकांबद्दल मला लिहायलाच पाहिजे, कारण त्यांनी अर्धा तास स्वतःचं काम बाजूला ठेवून मला जे समजावून सांगितलं ते सहा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि एक रुपया घेतला नाही. छोटीशी खोली, लाकडी पाट, त्याच्यावर सोन्याची बारीक कीस गोळा करायला कातडं, पिवळ्या बल्बऐवजी आता पांढरा एलईडी. त्यांनी भिंग दिलं, दहापट मोठं दाखवणारं, ते कसं धरायचं तेही मला आधी कळेना, तर म्हणाले डोळ्याला चिकटवा आणि टॉप्स जवळ आणा, भिंग पुढे नेऊ नका. मग म्हणाले सरळ वरून नका पाहू, सरळ पाहिलं तर हा खडा फसवते, थोडा तिरपा करा आणि समोरच्या पैलूतून खड्याच्या पोटात पाहा, पलीकडच्या पैलूंच्या कडा मोजा.

आणि साहेब, मला त्या कडा दोन दोन दिसल्या. एकेका रेघेची शेजारी सावली, जशी मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला ट्यूबलाइट दुहेरी दिसते तशी. मी म्हटलं माझा चष्मा असेल, चष्मा काढला, तरी तसंच. मग त्यांनी शेजारच्या गिऱ्हाइकाची खरी हिऱ्याची अंगठी त्याच भिंगातून दाखवली, तिच्यात प्रत्येक कड एकच, ब्लेडच्या धारेसारखी. त्या क्षणी मला जे समजलं ते कोणत्याच टिपेनं समजलं नसतं.

काकांनी सांगितलं की उजेड मोइसनाइटमधे शिरला की दोन वाटांनी फुटते, हिऱ्यात एकाच वाटेनं जाते, म्हणून हा फरक. आणि मोइसनाइटमधे ते रंगाचे फटाके हिऱ्याच्या दुपटीपेक्षा जास्त राहतात. म्हणजे ज्या लाल निळ्या चमकीवर मी भाळली, तीच खरी तर शंका घ्यायची खूण होती. आता वाचून कळलं की हे सिलिकॉन कार्बाइड आहे, १८९३ मधे मोइसां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला अमेरिकेत अ‍ॅरिझोनात उल्का पडून झालेल्या खड्ड्यातल्या दगडांत ते सापडलं होतं, नाव त्याच्यावरून पडलं, पण दागिन्यातला सगळा माल कारखान्यात बनवलेला असते. खडा वाईट नाही. टिकाऊ आहे, दिसायला सुंदर आहे, कोणी मोइसनाइट म्हणून मोइसनाइटच्या भावात विकला तर मी स्वतः घेईन. हिऱ्याच्या भावात विकला हे चूक आहे.

आता त्या घरगुती टिपांचं सांगते, कारण तुमचे वाचक त्या करून पाहतील आणि माझ्यासारखे निवांत झोपतील. वाफ लवकर जाते कारण हिरा उष्णता झपाट्यानं ओढून पसरवते, हे खरं आहे, पण मोइसनाइटही जवळजवळ तसंच करते, म्हणूनच ते पहिलं पेनाचं मशीन फसलं, ते मशीन फक्त उष्णता मोजते. दुसरं मशीन वीज पाहते, मोइसनाइटमधून बहुतेक वेळा थोडी वीज वाहते, साध्या पांढऱ्या हिऱ्यातून वाहत नाही. म्हणून दोन्ही तपासण्या करणारं मशीन लागते, एकावर विसंबून चालत नाही. पाण्यात बुडायचं म्हणाल तर काच बुडते, अमेरिकन डायमंड बुडते, नदीतला गोटाही बुडते, त्यानं काय सिद्ध होते? काचेवर रेघ तर साध्या गारगोटीनं पण पडते, काचेचा कठीणपणा साडेपाचच्या आसपास, गारगोटीचा ७, अमेरिकन डायमंडचा ८ ते साडेआठ, मोइसनाइटचा सव्वानऊ आणि हिऱ्याचा १०, म्हणजे काचेला ओरखडा काढणाऱ्यांची मोठी रांग आहे आणि हिरा त्या रांगेत फक्त शेवटी उभा आहे. वरून ओरखडे काढता काढता खड्याची कड उडाली तर नुकसान आपलंच. निळ्या लाइटखाली तीनातला साधारण एकच हिरा निळा दिसते, बाकीचे शांत राहतात, म्हणजे दिसला तरी आणि नाही दिसला तरी ठरवता येत नाही. खडा पेपरवर ठेवून त्यातून खालची अक्षरं वाचता आली तर खोटा, ही टीप तर सुट्या खड्यासाठी आहे, जडवलेल्या दागिन्याला लागूच पडत नाही, आणि सुटा असला तरी मोइसनाइट त्यात हिऱ्यापेक्षाही चांगले मार्क घेऊन पास होते.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात की खरा हिरा घणाखाली ठेवला तरी फुटत नाही. कृपा करून कोणी हातोडी मारून पाहू नका. काकांनी त्यांच्या उमेदवारीच्या काळात एकानं असा आजीचा हिरा खलबत्त्यात घालून चुरा केलेला पाहिला आहे. कठीण असणं वेगळं आणि घाव सोसणं वेगळं, हिऱ्याला ठरावीक दिशा राहतात, त्या दिशेनं घाव बसला की तो चिरतो. पैलू पाडणारे पूर्वी याच गुणाचा फायदा घेऊन हिरे फोडायचे.

अमेरिकन डायमंड ओळखणं त्यामानानं सोपं आहे, म्हणून त्याच्यावर जास्त लिहीत नाही. तो अमेरिकेचाही नाही आणि डायमंडही नाही, क्युबिक झिरकोनिया नावाचा कारखान्यात बनवलेला खडा आहे, १९७६ च्या सुमारास सोव्हिएत रशियात त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. साधं उष्णतेचं मशीन त्याला लगेच पकडते. काही वर्षं घातला की त्याच्या कडा गोल होतात, पैलूंवर बारीक ओरखडे येतात, जसा वापरून वापरून स्टीलचा डबा दिसते. आणि तो जड असते. हिऱ्याइतक्याच आकाराचा घेतला तर वजनाला दीडपटीपेक्षा जास्त भरते, सुटा खडा तळहातावर घेतला की ज्याच्या हाताला सवय आहे त्याला तिथंच कळते.

त्याच दिवशी मी पर्समधे सासूबाईंची कुडी पण नेली होती. सात खड्यांची, त्यांच्या सासूबाईंकडून आलेली, म्हणजे किती जुनी देव जाणे. ती आमच्या घरात काचेची म्हणूनच ओळखली जायची, कारण ती चमकत नाही, धुरकट दिसते, आणि मागून बंद आहे. पोरीनं तर ती नाटकात घालायला मागितली होती. काकांनी ती हातात घेतली, दोन्ही मशीनं लावली, मग भिंगाखाली बराच वेळ धरली, मला वाटलं विसरले की काय. मग म्हणाले, "बाई, हे सातही हिरे आहेत. हातानं पाडलेले पैलू आहेत, पाहा ना, एक लहान एक मोठा." मी भिंगातून पाहिलं तर खरंच पैलू वाकडेतिकडे, एका खड्याच्या पोटात मोहरीच्या टरफलाएवढा काळा ठिपका, पण कडा एकेरी आणि धारदार, इतकी वर्षं कानात राहून एकही कड झिजली नव्हती. मग चमकत का नाही? तर हिऱ्याला तेलाची ओढ राहते, अंगाचं तेल, खोबरेल, साबणाचा थर त्याला पटकन चिकटते, (खाणीत सुद्धा पूर्वी चुऱ्यातून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेल्या पाटावरून वाहतं पाणी सोडायचे, हिरे ग्रीसला चिकटून राहायचे.) त्यांनी मऊ ब्रश किंचित ओला करून फक्त वरून वरून फिरवला, कुडी पाण्यात बुडवली नाही, कारण बंद घडणीत पाणी शिरलं की खड्यामागचा पत्रा काळा पडते आणि मग हिरा कायमचा मेल्यासारखा दिसते. हे सुद्धा कोणी सांगत नाही, आपण सर्रास दागिने रिठ्याच्या पाण्यात रात्रभर टाकून ठेवतो.

ब्रश फिरवल्यावर ती कुडी जी दिसली ती मी शब्दांत सांगू शकत नाही. टॉप्ससारखी रंगीबेरंगी नाही. पांढरी. सकाळच्या दवासारखी. सासूबाई असत्या तर, जाऊ द्या.

आपल्या विदर्भाला हिरा काही नवा नाही. गडचिरोलीतल्या वैरागडला जुन्या काळी हिऱ्याच्या खाणी होत्या, अकबराच्या काळच्या नोंदींत त्यांचा उल्लेख आहे. आणि आज त्याच विदर्भातली बाई हिरा म्हणून काय घेऊन घरी येते हे तिला कळत नाही, कारण तिला कागदावर काही मिळतच नाही. आणि हेच माझ्या पत्राचं मुख्य कारण आहे.

काकांकडून उठून मी सरळ त्या जुन्या दुकानात गेली, सहा वर्षांपूर्वीचं बिल घेऊन. काउंटरवर आता दुसरी माणसं होती, पण बोलणं नीट केलं, चहा पण दिला. मॅनेजरनं बिल पाहिलं आणि म्हणाला मॅडम यात डायमंड कुठं लिहिलं आहे? मी पाहिलं. बिलावर लिहिलं होतं: टॉप्स १ जोड, १८ कॅरेट, स्टोनसहित. वजन एक, रक्कम एक. खाली जीएसटी. बस. सोबत एक चकचकीत कार्ड होतं, सर्टिफिकेट म्हणून दिलं होतं, मी ते सहा वर्षं लॉकरमधे जपून ठेवलं होतं, ते दुकानानं स्वतःच छापलेलं होतं, त्यावर कोणत्याही लॅबचं नाव नाही, नंबर नाही. भाचा वकील आहे, त्याला विचारलं, तर तो म्हणाला मावशी, ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, उशीर का झाला ते समजावून सांगता येईल, पण डायमंड म्हणून विकलं हे दाखवायचं कशानं? तोंडी बोलण्याला पुरावा काय? तिथं मी गप्प बसली.

म्हणून म्हणते, घरच्या टिपा सोडा, बिल पाहा. हिरा ओळखायला येत नसेल तरी मराठी वाचता येते ना आपल्याला! भारतीय मानक आयएस १५७६६ : २०१९ असं सांगते की नुसता हिरा हा शब्द फक्त जमिनीतून निघालेल्या नैसर्गिक हिऱ्यासाठीच वापरायचा, कारखान्यातल्याला तसं स्पष्ट सांगावंच लागेल, आणि जानेवारी २०२५ मधे केंद्राच्या ग्राहक खात्यानंही या विषयावर बैठक घेऊन हेच पुन्हा सांगितलं. म्हणजे नियम आहे. पण दुकानात बिलावर स्टोन, डीडी, सॉलिटेअर लुक, असले शब्द चालतात, ज्यांचा काहीही अर्थ काढता येते.

आणि आता तर लॅबग्रोन आले आहेत, तिथं तर भिंग पण कामाचं नाही. लॅबमधे वाढवलेला हिरा हा खराच हिरा राहते, तोच कार्बन, तोच कठीणपणा, दोन्ही मशीनं त्याला हिराच म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. २०२३ मधे आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला तो लॅबग्रोनच होता. त्याला नकली म्हणणं चूक आहे. पण त्याचा भाव नैसर्गिक हिऱ्याच्या मानानं खूपच कमी आहे आणि दरवर्षी पडून राहिला आहे, त्यामुळे नैसर्गिक म्हणून लॅबग्रोन गळ्यात मारला तर नुकसान मोइसनाइटएवढं नसलं तरी चांगलंच होते. आणि ते ओळखायला मोठी लॅब आणि मशीनरी लागते, इतवारीतल्या काकांनीही हात जोडले, म्हणाले हे माझ्या डोळ्याच्या बाहेरचं आहे.

चांगलं उदाहरण पण सांगितलं पाहिजे. नणंदेच्या मुलीची साखरपुड्याची अंगठी यंदाच घेतली, ३० सेंटचा म्हणजे ०.३० कॅरटचा लॅबग्रोन, दुकानदारानं स्वतःहून सांगितलं की हा लॅबग्रोन आहे, आयजीआय या हिरे तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट दिला, त्यावर लॅबमधे वाढवलेला असं स्पष्ट लिहिलेलं, आणि हिऱ्याच्या कमरेवर म्हणजे जिथं वरचा आणि खालचा भाग मिळतो त्या पट्टीवर लेझरनं नंबर कोरलेला, तो भिंगातून मुलीला वाचायला लावला, मग तोच नंबर मोबाइलवर त्या लॅबच्या वेबसाइटवर टाकून वजन आणि रंग जुळवून दाखवला. दहा मिनिटं लागली. पोरगी खुश, सासरचे खुश, कोणाच्या मनात काही राहिलं नाही. रिपोर्ट आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका एवढं मात्र म्हणते, कारण दुसऱ्याच हिऱ्याचा नंबर कोरून विकल्याचे प्रकार परदेशात लॅबवाल्यांनी स्वतः पकडले आहेत, म्हणून नंबर वाचायचा आणि वजन मापंही रिपोर्टशी ताडून पाहायची. मोठा खडा असेल तर बिल करायच्या आधी दुसऱ्या ठिकाणी तपासून आणू द्या म्हणायचं. जो देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

आणखी एक, जे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. सोन्याचा कॅरेट आणि हिऱ्याचा कॅरट हे वेगळे आहेत. सोन्याचा शुद्धता सांगते, हिऱ्याचा वजन सांगते. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे शंभर भाग केले की एक सेंट. म्हणजे ५ कॅरटचे खडे म्हणजे पूर्ण १ ग्रॅम. आता दागिन्याचं एकच वजन लावून सगळ्याला सोन्याचा भाव लावला तर त्या एक ग्रॅम खड्याचे पैसे आपण सोन्याच्या भावात देतो, वर खड्याचे वेगळे देतो, आणि मोडीला काढताना तोच सराफ खड्याचं वजन वजा करते. अमेरिकन डायमंड जड असल्यामुळे त्यात तर ही फसगत अजून जास्त. माझ्या टॉप्सच्या बिलात असंच होतं, आता हिशेब केल्यावर कळलं.

सगळे सराफ वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. ज्या मालकांनी मला खरं सांगितलं ते सराफच होते, मशीन एकदा वाजल्यावर तिथंच थांबले असते तर टॉप्स हिऱ्याचे म्हणून घेऊन पुढे विकू शकले असते, पण दुसरं मशीन त्यांनी स्वतःहून मागवलं. काकांसारखी माणसं इतवारीत अजून आहेत. त्यांच्यासाठीच तर मी म्हणून राहिली आहे की नागपुरातल्या सराफ्यानं एकत्र बसून ठरवावं, बिलावर खड्याची जात लिहायची. सोन्याच्या दागिन्याला १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी म्हणजे ओळखीचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर सक्तीचा झाला, तेव्हाही व्यापाऱ्यांना जड गेलं होतं, आज कोणालाही मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमधे तो नंबर टाकून पाहता येते आणि त्यामुळे चांगल्या सराफाचं काही बिघडलं नाही. खड्याला निदान चार शब्द लिहायला काय लागते? ज्यांना कोणी लिहून देत नसेल त्यांनी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करून विचारावं.

तुम्हाला एक विनंती आहे. त्या टिपांच्या जागी एक नमुना बिल छापा, म्हणजे बायका ते कापून पर्समधे ठेवतील आणि काउंटरवर दाखवतील. मी काकांना विचारून असं लिहून काढलं आहे:

टॉप्स १ जोड. सोनं १८ कॅरेट, एचयूआयडी नंबर अमुक. एकूण वजन ४.२०० ग्रॅम. खडे २ नग, मोइसनाइट (किंवा नैसर्गिक हिरा, किंवा लॅबग्रोन हिरा, किंवा अमेरिकन डायमंड, जे असेल ते), एकूण १ कॅरट म्हणजे ०.२०० ग्रॅम. निव्वळ सोनं ४.००० ग्रॅम. सोन्याची किंमत वेगळी, खड्याची वेगळी, घडणावळ वेगळी. लॅबचा रिपोर्ट असल्यास लॅबचं नाव आणि नंबर. परत घ्यायची वेळ आली तर खड्याचे किती टक्के आणि सोन्याचे किती टक्के मिळतील ते. सही, शिक्का.

माझ्या जुन्या बिलाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. दुकानाचं नाव आणि आमचं नाव मी कागद चिकटवून झाकलं आहे, ते तसंच राहू द्या. ‘स्टोनसहित’ या शब्दाखाली लाल पेनानं रेघ मारली आहे, ती मात्र दिसेल असं छापा, आणि जमलं तर धनत्रयोदशीच्या आधी.

आपली नेहमीची वाचक,
मानेवाडा, नागपूर